वाचक विचारतात : उनोच्या धक्क्यावरून कलेच्या बेटांकडे

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात नाओशिमा, तेशिमा आणि इनुजिमा ही तीन छोटी बेटं आहेत. समकालीन कला आणि स्थापत्य बघायला जगभरातून लोक तिथे जातात. या बेटांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. काय बघायचं याची यादी बहुतेकांकडे तयार दिसते, पण बोट किती वाजता आणि म्युझियमची सुट्टी कधी, हे फारच थोड्यांनी पाहिलेलं आहे. तिथला दिवस मात्र या दोन गोष्टींवरच ठरतो.

प्रश्न : ओसाकाहून दोन दिवसांसाठी जाणार आहोत. मुक्काम ताकामात्सुला करावा की उनोला? सगळे ताकामात्सु सांगतात. (ठाणे)

ताकामात्सु हे शिकोकू बेटावरचं मोठं शहर आहे. हॉटेलं भरपूर, जेवणाची चंगळ. पण तिथून नाओशिमाला मोठी फेरी साधारण 50 मिनिटं घेते आणि परतीची शेवटची मोठी फेरी नाओशिमाहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. उनो हे ओकायामा प्रांतातल्या तामानो शहराचं बंदर. तिथून नाओशिमा 20 मिनिटांवर आहे. बोटी जास्त, संध्याकाळी उशिरापर्यंत, आणि भाडंही तीनशे येनच्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मं. ज्यांना फक्त बेटं करायची आहेत त्यांनी उनोलाच राहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र संध्याकाळनंतर उनोत फारसं काही नाही. बाजारात फिरणं हा प्रवासाचा अर्धा आनंद असेल, तर ताकामात्सु बरं.

रस्ता असा. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने ओकायामा पाऊण तासात. ओकायामाहून उनो 33 किलोमीटर, पण थेट गाड्या मोजक्याच. बहुतेक वेळा चायामाची स्टेशनवर गाडी बदलावी लागते, आणि गोंधळ इथेच होतो. ओकायामाहून चायामाचीपर्यंत बरेच जण ‘मरीन लायनर’ने येतात. ती गाडी पुढे कोजिमा स्टेशन घेऊन सेतोच्या महापुलावरून थेट शिकोकूला जाते. चायामाचीला उतरायचं राहिलं तर कोजिमाला नक्की उतरा, कारण त्यापुढचा थांबा समुद्रापलीकडे आहे. मग परत येण्यात तास जातो आणि सकाळची बोटही.

उनो स्टेशन ओळखणं सोपं आहे. पांढऱ्या भिंतींवर काळ्या रेघांचं जाळं आहे, इटालियन चित्रकार एस्टर स्टॉकर यांचं काम. धक्का तिथून चालत पाच मिनिटांवर. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा : नाओशिमाची मोठी फेरी आणि तेशिमाची बोट वेगवेगळ्या कंपन्या चालवतात, आणि त्या एकाच जागेवरून सुटत नाहीत. तिकीट काढताना बेटाचं आणि बंदराचं, अशी दोन्ही नावं सांगा. नाओशिमाला मियानोउरा आणि होन्मुरा अशी दोन बंदरं आहेत, तेशिमाला इएउरा आणि कारातो.

नकाशातला एक सापळा : तेशिमा नावाचं आणखी एक बेट मारुगामे शहराच्या हद्दीत आहे. शिवाय आपल्या तेशिमाची जपानी अक्षरं ‘तोयोशिमा’ अशीही वाचता येतात, आणि त्या नावाचं बेट हिरोशिमा प्रांतात आहे. फोनवर नकाशा उघडाल तेव्हा बेटाचं नाव न टाकता ‘इएउरा’ बंदर शोधा.

प्रश्न : आमचे दोन दिवस सोमवार-मंगळवार येतात. चालेल का? आणि दोन दिवसांचा क्रम कसा लावावा? (नाशिक)

चालणार नाही. याहून वाईट जोडी सापडणं कठीण. नाओशिमावरची मुख्य म्युझियमं सोमवारी बंद असतात आणि तेशिमाचं कला संग्रहालय मंगळवारी. डिसेंबर ते फेब्रुवारीत तेशिमा मंगळवार ते गुरुवार बंद. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर म्युझियम उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी बंद, त्यामुळे जपानी सुट्ट्यांचं कॅलेंडरही पाहावं लागतं. बुधवार ते रविवार यांतले दोन दिवस घ्या. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून बुधवार-गुरुवार (डिसेंबर ते फेब्रुवारी सोडून) किंवा गुरुवार-शुक्रवार उत्तम.

पहिला दिवस नाओशिमा. क्रम ठरवताना चिचु कला संग्रहालयाच्या वेळेपासून सुरुवात करा, कारण तिथे ठरावीक वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घ्यावं लागतं. मोसमात ते काही दिवस आधीच संपतं. सकाळी दहा-साडेदहाची वेळ घ्या. मियानोउराला उतरलं की दोन पर्याय असतात. एक, बॅटरीची सायकल. दुसरा, गावची बस : ती होन्मुरावरून त्सुत्सुजी-सो नावाच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, आणि तिथून बेनेस्से या कंपनीची (तिच्याबद्दल पुढे) मोफत गाडी बेनेस्से हाउस, ली उफान संग्रहालय आणि चिचु अशी फिरते.

सायकल सगळ्यांना मोहात पाडते, पण तिची अडचण फलकावर पोचल्यावरच कळते. बेनेस्सेच्या आवारात सायकलला बंदी आहे. म्हणजे मियानोउराकडून चढ चढून चिचुपर्यंत सायकल जाते, पण तिथून किनाऱ्याने पुढे उतरून यायोई कुसामांच्या पिवळ्या भोपळ्याच्या शिल्पाकडे आणि होन्मुराकडे नेता येत नाही. आल्या वाटेने परत जाऊन बेटाला वळसा घालावा लागतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चालणं आणि बस हेच धरावं. चिचुपासून ली उफान दहा मिनिटं चालत, तिथून बेनेस्से हाउस, मग खाली समुद्रालगत भोपळा, मग त्सुत्सुजी-सोहून बसने होन्मुरा. सगळा उतार आहे, आणि समुद्र सतत एका अंगाला.

होन्मुरातली ‘आर्ट हाउस’ घरं साडेचारला बंद होतात, म्हणून अडीचच्या आत तिथे पोचायला हवं. त्यांतल्या मिनामिदेराला आधी जा. तिथे आत सोडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आधी वेळ नक्की करून मग बाकीची घरं बघा. संध्याकाळी बसने मियानोउरा, आणि बोटीला वेळ असेल तर सार्वजनिक स्नानगृह. त्याबद्दल पुढे.

दुसरा दिवस तेशिमा. उनोहून इएउराला मोठ्या फेरीने 40 मिनिटं, लहान वेगवान बोटीने 25. बोटी दिवसाला मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधी कागदावर लिहा आणि दिवस तिथून उलटा मोजत या. इएउराहून कला संग्रहालय चार किलोमीटरवर आहे आणि मध्ये चांगला चढ आहे. इथे मात्र बॅटरीची सायकलच घ्या. साधी सायकल स्वस्त पडते खरी, पण अर्ध्या वाटेत ती ढकलत न्यावी लागते. जपानमध्येही वाहनं डावीकडूनच चालतात, तेवढी आपली सोय. सायकली सकाळच्या पहिल्या बोटीतले लोकच संपवतात, म्हणून आधी राखून ठेवा. बसही आहे, पण दोन बसांमध्ये तासाहून जास्त अंतर पडू शकतं.

दोन्ही बेटं एका दिवसात बसवायची असतील, तर नाओशिमा ते तेशिमा थेट लहान बोट आहे, वीस-बावीस मिनिटांची. तिच्या फेऱ्या कमी, जागा मर्यादित, आणि सायकल चढवू देत नाहीत. या एका बोटीवर अख्खा दिवस टांगून ठेवू नये.

प्रश्न : होन्मुरातल्या जुन्या घरांत नेमकं काय आहे? वेळ कमी असेल तर कुठली निवडावीत? (डोंबिवली)

गावातली रिकामी पडलेली घरं, देऊळ आणि दवाखाना घेऊन कलाकारांनी त्यांचीच कलाकृती केली. 1998 मध्ये ‘कादोया’पासून सुरुवात झाली. आम्ही तीन निवडू.

कादोयाच्या आत जमिनीऐवजी पाणी आहे, आणि पाण्याखाली 125 लहान आकडे लुकलुकतात. तात्सुओ मियाजिमा यांच्या या कामात प्रत्येक आकड्याचा वेग गावातल्या एकेका माणसाने ठरवला होता. आकडे एक ते नऊ फिरतात. शून्य कुठेच उमटत नाही, त्या जागी क्षणभर अंधार होतो. शून्याशी आपलं जुनं नातं असल्यामुळे मराठी माणूस इथे जरा जास्त वेळ रेंगाळला तर नवल नाही.

मिनामिदेरा ही वास्तुकार तादाओ आंदोंनी जुन्या देवळाच्या जागी उभारलेली लाकडी इमारत, आणि आतलं काम जेम्स टरेल यांचं. भिंतीला हात लावत चालत आत जायचं आणि बाकावर बसायचं. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेही कळू नये असा काळोख. पाच-दहा मिनिटांनी समोर एक फिकट करडा चौकोन दिसू लागतो. तो कोणी हळूहळू लावत नाही, पहिल्यापासून तिथेच असतो. आपल्या डोळ्यांतल्या मंद उजेड टिपणाऱ्या पेशींना जागं व्हायला तेवढा वेळ लागतो. म्हणून आत फोनचा पडदा उजळला की सगळ्यांचीच दहा मिनिटं वाया जातात. फोन बंद करा, आणि चमकत्या काट्यांचं घड्याळ खिशात टाका.

तिसरं, गो-ओ देऊळ, हिरोशी सुगिमोतो यांचं. वर खरं शिंतो देवस्थान आहे आणि त्याला जमिनीखालच्या दगडी खोलीशी काचेच्या पायऱ्या जोडतात. खाली जाण्याची वाट इतकी अरुंद की पाठीवरची पिशवी काढून हातात घ्यावी लागते. परत येताना त्याच बोळाच्या तोंडाशी समुद्राची एक सरळ रेघ दिसते. ती बघायला विसरू नका, बहुतेक जण पायाखाली बघत बाहेर येतात.

प्रश्न : चिचुचं तिकीट बरंच महाग, आत फोटो काढू देत नाहीत, आणि कलाकार फक्त तीन. एवढं काय आहे तिथे? (पुणे)

‘चिचु’ म्हणजे जमिनीच्या पोटात. आंदोंनी 2004 मध्ये सगळी इमारत टेकडीत पुरली, वरून फक्त चौकोन-त्रिकोणांची तोंडं दिसतात. क्लोद मोने, वॉल्टर डी मारिया आणि टरेल या तिघांसाठीच ती बांधली आहे, म्हणून ‘फक्त तीन’ हीच तिची योजना. मोनेच्या जलकमळांची पाच चित्रं एका पांढऱ्या दालनात आहेत, आणि दिवसा तिथे एकही दिवा लागत नाही. उजेड छतातून वळवून आणलेला. चपला काढून आत जायचं. जमीन दोन सेंटिमीटरच्या संगमरवरी ठोकळ्यांची आहे, कोपरे घासून गोल केलेले. ढग आला की चित्रातलं पाणी निळ्यावर जातं, ऊन आलं की हिरवं-जांभळं उठून दिसतं. म्हणून घाईत दहा मिनिटांत बाहेर पडणाऱ्याला ते महाग वाटणारच. दालनात एकदा जाऊन या, टरेल आणि डी मारिया बघा आणि निघण्यापूर्वी पुन्हा मोनेकडे या. ढगाळ-उन्हाच्या दिवशी दोन वेगळी चित्रं बघितल्यासारखं होतं.

डी मारियाच्या दालनात पायऱ्यांच्या मध्यावर 2.2 मीटर व्यासाचा काळा ग्रॅनाइटचा गोळा आहे आणि भिंतींवर सोन्याचा मुलामा दिलेले 27 लाकडी आकार. पायऱ्या चढून वर जा आणि गोळ्यात छताच्या फटीचं प्रतिबिंब बघा.

तिकीटघर संग्रहालयाला लागून नाही, रस्त्याने पाच मिनिटं चालावं लागतं. दिलेल्या वेळेच्या किमान वीस मिनिटं आधी तिकीटघराशी असा.

प्रश्न : तेशिमाच्या संग्रहालयात आत काहीच नाही असं ऐकलं. खरं का? (कोल्हापूर)

भिंतीवर काही नाही, इतकं खरं. र्युए निशिझावा या वास्तुकाराने आणि रेइ नाइतो या कलावतीने 2010 मध्ये पाण्याच्या थेंबाच्या आकाराचं एक काँक्रीटचं कवच उभं केलं. साधारण 40 मीटर रुंद, 60 मीटर लांब, आत एकही खांब नाही. काँक्रीट फक्त 25 सेंटिमीटर जाड. साच्यासाठी फळ्या वापरल्या नाहीत. आधी मातीचा ढीग हवा तसा लिंपून घेतला, त्यावर काँक्रीट ओतलं आणि ते पक्कं झाल्यावर आतली माती उपसून काढली. म्हणूनच छत इतकं बसकं आणि सलग आहे. त्याला दोन मोठी लंबगोल भोकं आहेत, काच नसलेली. पाऊस, वारा, पाखरं, सगळं आत येतं.

खरं काम जमिनीवर चालतं. फरशीत सुईच्या अग्राएवढी छिद्रं आहेत आणि त्यांतून जमिनीतलं पाणी थेंबाथेंबाने वर येतं. फरशीला पाणी चिकटत नाही आणि तिला डोळ्याला न कळणारा उतार आहे. एक थेंब फुगतो, थरथरतो आणि अचानक धावत सुटतो. वाटेत दुसऱ्याला गाठतो, दोघं मिळून लांबट होतात आणि खालच्या डबक्यात जातात. अळूच्या पानावर पाणी बघत बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. बसा, हवं तर आडवे व्हा. तासभर सहज जातो. बूट काढावे लागतात, म्हणून जाड आणि कोरडे मोजे जवळ असू द्या. पाय टाकताना खाली बघा, नाही तर थेंबावरच पाय पडतो. आवाज कमालीचा घुमतो, कुजबुजही पलीकडे ऐकू जाते. लहान मूल घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. फोटोला मनाई आहे.

बाहेर कारातोच्या उतारावर भातखाचरं समुद्रापर्यंत उतरतात. बरीच वर्षं पडीक होती, संग्रहालयाबरोबरच ती पुन्हा लागवडीखाली आणली. तेशिमाला झऱ्यांचं पाणी भरपूर. भाताचं आणि त्या थेंबांचंही मूळ तेच.

खाली कारातोच्या किनाऱ्यावर क्रिस्तियाँ बोल्तान्स्की यांचं हृदयाच्या ठोक्यांचं संग्रहालय आहे. अंधाऱ्या खोलीत एक बल्ब कोणा अनोळखी माणसाच्या ठोक्यांबरोबर पेटतो-विझतो. वेगळे पैसे भरून स्वतःचे ठोके नोंदवता येतात. परतीचा चढ लक्षात ठेवून सायकलची बॅटरी तपासा, आणि निम्म्याहून कमी असेल तर उतारावर खाली जाण्यापूर्वी विचार करा.

प्रश्न : एवढ्या आडबाजूच्या बेटांवर कला आली कशी? पैसे कोणी घातले? (औरंगाबाद)

आडबाजूची होती म्हणूनच. मोठ्या शहरांना नको असलेली कामं या बेटांच्या वाट्याला आली. नाओशिमाच्या उत्तर टोकाला 1917 पासून मित्सुबिशीचा धातू गाळण्याचा कारखाना आहे. त्याच्या धुराने डोंगर बोडके झाले होते. इनुजिमावर 1909 मध्ये तांबं गाळण्याची भट्टी सुरू झाली आणि तांब्याचे भाव कोसळल्यावर 1919 मध्ये बंद पडली. दहा वर्षं फक्त. तेशिमावर तर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1990 पर्यंत औद्योगिक कचरा बेकायदा टाकला गेला. गावकरी पाव शतक लढले, 2000 मध्ये प्रांत सरकारशी तडजोड झाली, आणि दूषित मातीसकट सुमारे नऊ लाख टन कचरा बोटींनी नाओशिमावर नेऊन तिथे प्रक्रिया करण्यात आली. हे काम 2003 पासून 2017 पर्यंत चाललं. ज्या समुद्रातून आपण भोपळा बघायला जातो, त्यातूनच हा कचरा चौदा वर्षं वाहिला.

पैसा ओकायामाच्या फुकुताके कुटुंबाचा. ते शैक्षणिक प्रकाशक, त्यांची कंपनी पुढे बेनेस्से झाली. तेत्सुहिको फुकुताके आणि नाओशिमाचे तेव्हाचे महापौर चिकात्सुगु मियाके यांचं 1985 मध्ये बोलणं झालं. पुढे मुलगा सोइचिरो यांनी ते पुरं केलं. बेनेस्से हाउस 1992 चं. 2010 पासून दर तीन वर्षांनी सेतोउची त्रैवार्षिक कला महोत्सव भरतो. 2025 चा झाला, त्या हिशेबाने पुढचा 2028 मध्ये. नाओशिमावर 31 मे 2025 ला आंदोंचंच आणखी एक नवं संग्रहालय उघडलं, आशियाई कलाकारांच्या कामांसाठी. तिथल्या पहिल्याच मांडणीत म्हैसूरच्या एन. एस. हर्षा यांचं काम होतं.

तिसरा दिवस हाताशी असेल तर इनुजिमा जरूर करा. वास्तुकार हिरोशी साम्बुइची यांनी जुन्या भट्टीचं 2008 मध्ये संग्रहालय केलं. जमिनीखालच्या वाटेत हवा गार होते आणि जुन्या धुराड्याच्या ओढीने आत फिरते, त्यामुळे थंड करणारं यंत्र नाही. भिंतींच्या काळ्या विटा तांब्याच्या मळीच्या आहेत. उन्हात त्या तापतात, हाताने जाणवतं. बेट एवढंसं आहे की वाहन लागत नाही. ओकायामाच्या बाजूने होदेन बंदरातून बोटीने दहाच मिनिटं.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. निभेल का? (सांगली)

घरून नेलेल्यावर निभेल. नुसत्या ‘शाकाहारी’ शब्दावर विसंबलात तर फसाल. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं पाणी : सूप, सॉस, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत ते असतं. ते बहुधा कात्सुओ या कुप्याच्या जातीच्या सुकवलेल्या माशाच्या किसाचं. कागावा प्रांताचे जाडे उदोन प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या पाण्यात छोट्या तारल्यांची सुकट उकळलेली असते. वर फक्त कांद्याची पात दिसते आणि आपण बिनधास्त खातो.

हे वाक्य लिहून ठेवा : ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देसु.’ मांस-मासे खात नाही, माशाची दाशीही नको. अंडंही नको असेल तर ‘तामागो मो’ जोडा. दुकानातल्या भाताच्या त्रिकोणी मुटक्यांमध्ये खारवलेल्या आंबट उमे या फळाचा घ्या. समुद्री शेवाळाचा, म्हणजे कोम्बूचा, शाकाहारी वाटतो, पण त्यातही बऱ्याचदा कात्सुओचा अर्क असतो.

दशम्या, मेतकूट, चटणी, लाडू नेता येतात. ताजी फळं आणि भाज्या विमानतळावर काढून घेतात. नाओशिमावर मियानोउराला एक सेव्हन-इलेव्हन आहे, तेशिमावर तसलं दुकानच नाही. त्यामुळे तेशिमाचा डबा उनोतच भरा. बेटांवरची उपाहारगृहं दुपारी दोननंतर आवरायला लागतात आणि म्युझियम बंद असेल त्या दिवशी तीही बंद.

प्रश्न : मुलांना म्युझियमचा कंटाळा येईल. समुद्रकिनारा, डोंगर असं काही जवळ? (पणजी)

उनोच्या धक्क्याशीच सुरुवात करा. ‘उनोचा चिनु’ हा समुद्रातून आलेल्या कचऱ्याचा केलेला मोठा मासा तिथे उभा आहे. फुटके डबे, दोर, खेळणी. त्यातल्या वस्तू ओळखण्यात मुलांचा अर्धा तास जातो.

उनोहून बसने शिबुकावाचा किनारा अर्ध्या तासावर. वाळू स्वच्छ, लाटा जवळजवळ नाहीत, कारण हा चारी बाजूंनी कोंडलेला समुद्र आहे. पोहण्याचा मोसम जुलै-ऑगस्ट. गोव्याच्या माणसाला किनारा बेताचाच वाटेल. पण त्याच्या मागचा ओजिगाताके डोंगर चुकवू नका. उंची 234 मीटर, वर ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा, त्यांतली एक हसऱ्या चेहऱ्याची. समोर सेतोचा महापूल आणि खाली बेटंच बेटं. सूर्यास्ताला गेलात तर उतरण्यासाठी विजेरी हवी आणि परतीची बस आधी पाहिलेली हवी.

तेशिमाची मोठी फेरी पुढे शोदोशिमा बेटाच्या तोनोशो बंदरात जाते. तिथे ‘एंजल रोड’ म्हणून वाळूची वाट आहे. ओहोटीला ती उघडी पडते आणि चालत समोरच्या छोट्या बेटांवर जाता येतं. दिवसातून दोनदा, ओहोटीच्या आधी-नंतर साधारण दोन-दोन तास. भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल, म्हणून त्या दिवसाची ओहोटीची वेळ बघूनच बोट ठरवा. तोनोशो गावातून 9.93 मीटर रुंदीची एक सामुद्रधुनी जाते, जगातली सर्वांत अरुंद म्हणून नोंदलेली. पूल ओलांडल्याचं प्रमाणपत्र नगरपालिकेच्या कचेरीत मिळतं. मुलं ते वर्षभर मिरवतात.

प्रश्न : पाऊस, वादळ आलं तर? भोपळा वाहून गेला होता म्हणे. (रत्नागिरी)

यायोई कुसामांचा पिवळा भोपळा 1994 पासून छोट्या धक्क्याच्या टोकाला होता. ऑगस्ट 2021 च्या वादळात लाटांनी तो उचलला आणि त्याचे तुकडे झाले. आतून पोकळ, काचतंतूंचा असल्याने वजन कमी. ऑक्टोबर 2022 मध्ये नवा बसवला. त्यावर चढू नका, टेकूही नका. फोटोसाठी रांग असते, सकाळी लवकर किंवा शेवटच्या गाडीआधी जा.

वादळं मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरात. साधा पाऊस बोटी थांबवत नाही, वारा आणि धुकं थांबवतात. वसंतात या समुद्रावर दाट धुकं उतरतं. 11 मे 1955 ला अशाच धुक्यात उनो आणि ताकामात्सु यांच्यामधली शिउन मारु ही बोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली, 168 माणसं गेली. पुलाच्या मागणीने त्यानंतरच जोर धरला, तो 1988 मध्ये पुरा झाला. धक्क्यावर ‘केक्को’ हा शब्द कानावर पडला तर समजा, बोट रद्द. बेटावर असाल आणि सकाळीच वारा वाढत असेल, तर उरलेलं म्युझियम सोडा आणि मिळेल त्या बोटीने उनो गाठा.

प्रश्न : मियानोउराच्या स्नानगृहात परक्या लोकांबरोबर उघड्याने जायला संकोच वाटतो. पोहण्याचा पोशाख चालतो का? (मुंबई)

नाही चालत. शिन्रो ओताके यांनी 2009 मध्ये केलेलं हे खरंखुरं गावचं स्नानगृह आहे, बायका-पुरुषांचे भाग वेगळे. मधल्या भिंतीवर एक हत्ती उभा आहे. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, फेस पूर्ण जाऊ द्यायचा, मगच हौदात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवतात. लांब केस वर बांधा. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, पहिली दोन मिनिटं सरली की संकोच जातो. नाहीच जमलं तर बाहेरूनच बघा, दर्शनी भागही त्यांच्याच हातचा आहे. सोमवारी बंद.

प्रश्न : मोठी बॅग कुठे ठेवावी? आणि परतीच्या दिवशी ओकायामात चार तास मोकळे आहेत. (पुणे)

मोठी बॅग बेटावर नेऊच नका. गावची बस लहान असते, चाकांची बॅग घेऊन चढलात तर बाकीच्यांना जागा उरत नाही. उनोच्या हॉटेलात ठेवा किंवा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये. मोठे लॉकर थोडेच, म्हणून सकाळी. त्याहून सोपं म्हणजे ‘ताक्क्युबिन’ : हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचते. एका रात्रीचे कपडे पाठपिशवीत काढून घ्या.

चार तासांत कोराकुएन बाग बघा. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, हिच्याच धर्तीवर केलेलं आहे. मूळ बाग 1700 मध्ये पूर्ण झाली. ओकायामा स्टेशनसमोरून ट्रामने शिरोशिताला उतरायचं, पुढे दहा मिनिटं चालायचं. नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो, त्याच्या रंगामुळे त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात.